‘क्रसी’ची कुळकथा

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळच्या कलकत्त्यात माझी नेमणूक होती आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ध्वजवंदनाचे परिपत्रक काढावयाचे होते. इंग्रजी मसुदा तयार होता, हिंदीत ‘गणतंत्र दिवस’ हा शब्द रूढच आहे. प्रश्न बंगालीचा होता. नव्याने बंगाली शिकणाऱ्याच्या उत्साहात मी हिंदीतला ‘गणतंत्र’ तसाच बंगाली मसुद्यात ठेवून दिला. तासाभराने आमचे बडोबाबू कागद घेऊन आत आले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “सर, आपण तर डिमॉक्रसीचा वाढदिवस करायला निघालात!”

बंगालीत ‘गणतंत्र’ म्हणजे लोकशाही. रिपब्लिकला ते ‘प्रजातंत्र’ किंवा ‘साधारणतंत्र’ म्हणतात. हिंदीत नेमके उलटे: ‘प्रजातंत्र’ म्हणजे लोकशाही आणि ‘गणतंत्र’ म्हणजे रिपब्लिक. दोन शेजारी भाषा, दोन्ही शब्द अस्सल संस्कृत, आणि अर्थांची पूर्ण अदलाबदल. मी मसुदा दुरुस्त केला. बडोबाबूंनी सहज विचारले, “तुमच्या मराठीत काय म्हणतात?” म्हटले, ‘प्रजासत्ताक’ आणि ‘लोकशाही’. ते थबकले. “शाही? म्हणजे बादशहाची ती शाही? मग लोकांवर बादशहा, की लोकच बादशहा?”

याचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. पुढे नोकरीच्या निमित्ताने देशभर फिरताना, प्रत्येक मुक्कामी तिथल्या भाषेत माझ्या स्वतःच्या व्यवसायाला काय म्हणतात ते विचारण्याचा छंद जडला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हा अनुभव नवा नसेल. घरात आपण ‘नोकरशाही’ म्हणतो आणि दाराबाहेर पडताच त्याच वस्तूला ‘आमलातंत्र’, ‘अधिकारवर्गम्’ किंवा ‘अमलदारशाही’ म्हणणारी माणसे भेटतात. या साऱ्या शब्दांनी ज्या एका परक्या शेपटाचे भाषांतर करण्याची खटपट केली आहे, त्या ‘-क्रसी’ची ही कुळकथा.

प्राचीन ग्रीक भाषेत सत्तेसाठी दोन वेगळे शब्द होते. एक ‘आर्खे’. त्याचा अर्थ आरंभ, अग्रस्थान आणि म्हणून अधिकारपद. यावरून ‘मोनार्खिया’ (एकाचे राज्य) आणि ‘ऑलिगार्खिया’ (मूठभरांचे राज्य) असे शब्द झाले. दुसरा ‘क्राटोस’. याचा अर्थ बळ, पकड, वरचढ ठरण्याची ताकद. ‘डेमोस’ म्हणजे लोक किंवा गावकी. तिला क्राटोस जोडून ‘डेमोक्रातिया’ झाले. अमेरिकन अभ्यासक जोसाया ओबर यांनी २००८ साली एका निबंधात या फरकावर बोट ठेवले. ‘आर्खे’वाले जुने शब्द मोजणी करतात: पदावर किती जण, एक की थोडे? ‘डेमोक्रातिया’त मोजणी नाही. ‘पुष्कळांचे’ असा अर्थ सांगणारा शब्द ग्रीकांजवळ होता, पण तो इथे त्यांनी वापरला नाही. लोकांच्या अंगी काही घडवून आणण्याचे सामर्थ्य आहे, एवढेच हा शब्द सांगतो, असे ओबर यांचे म्हणणे. मला ते पटते. कारण पद आणि सामर्थ्य या दोन गोष्टी एकाच खुर्चीत असतातच असे नाही, हे सरकारी नोकरीत पहिल्या सहा महिन्यांत कळते.

क्राटोस हा ग्रीकांचा एक देवही होता. हेसिअडने दिलेल्या वंशावळीत स्टिक्स नदीची चार अपत्ये आहेत: ईर्षा, विजय, क्राटोस आणि बिया, म्हणजे बळजबरी. एस्किलसच्या नावावर असलेल्या प्रॉमिथ्यूसच्या नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा हीच जोडी रंगमंचावर येते. अग्नी चोरणाऱ्या प्रॉमिथ्यूसला कड्याला जखडण्याचा झ्यूसचा हुकूम आहे. खिळे ठोकायचे आहेत लोहार असलेल्या हेफायस्टोसने. हेफायस्टोसचे मन तयार नाही. प्रॉमिथ्यूस त्याचा नातलग. तो हळहळतो, स्वतःच्या कसबालाच दोष देतो, हात आखडता घेतो. क्राटोस शेजारी उभा राहून त्याला घाई करतो, आणखी घट्ट ठोक म्हणतो, वरून पाहणारा कडक आहे याची आठवण करून देतो. बिया एक शब्दही बोलत नाही. शेवटी खिळे ठोकले जातात, आणि ते ठोकतो तो हळहळणारा हेफायस्टोसच. आज्ञा, तिची अंमलबजावणी करवून घेणारा आणि ती नाइलाजाने करणारा, या त्रिकुटाचे इतके नेमके चित्र प्रशासनशास्त्राच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात मला सापडले नाही.

‘डेमोक्रातिया’ हा शब्द प्रथम कोणी उच्चारला ते कळण्याचा मार्ग नाही. क्लेइस्थेनेसने इ.स.पू. ५०८-०७ मध्ये अथेन्सची नवी घडी बसवली. हेरोडोटसच्या इतिहासात हा शब्द त्याच्याशी जोडलेला आढळतो. पण त्याच ग्रंथात राज्यपद्धतींचा जो प्रसिद्ध वाद आहे, त्यात लोकांच्या राज्याची बाजू मांडणारा ‘इसोनोमिया’, म्हणजे कायद्यापुढील समता, असा शब्द वापरतो. तो गोड शब्द मागे पडला आणि बळाचा वास असलेला हा शब्द टिकला. सुरुवातीला ही विरोधकांनी दिलेली शिवी होती, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर नवल नाही, कारण पुढे जन्मलेल्या बहुतेक ‘क्रसीं’ची कथा हीच आहे. ज्याच्या हाती बळ असू नये त्याच्या हाती ते गेले आहे, ही तक्रार या प्रत्ययाच्या पोटात असते.

आता आमच्या व्यवसायाकडे वळतो. या पहिल्यावहिल्या लोकशाहीत कारकुनी कोण करीत असे? पाचशे जणांची सभा चिठ्ठ्या टाकून निवडली जाई, बहुतेक पदेही चिठ्ठीने आणि एका वर्षासाठी. दरवर्षी माणसे बदलतात, मग दप्तर कोण सांभाळणार, हिशेब कोणाच्या लक्षात राहणार? उत्तर असे की ही कामे नगराच्या मालकीचे गुलाम करीत. त्यांना ‘डेमोसिओई’, म्हणजे लोकांचे, म्हणत. ‘पब्लिक सर्व्हंट’ या शब्दाचे इतके अक्षरशः उदाहरण दुसरे नसेल.

१९७० साली अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात एक शिलालेख सापडला. तो इ.स.पू. ३७५-७४ मधील, निकोफोन नावाच्या नागरिकाने मांडलेला कायदा आहे. बाजारात सराफी मेजांच्या मधोमध बसून चांदीची नाणी पारखणारा सरकारी गुलाम असावा. नाणे चांदीचे पण परदेशी असेल तर त्याने ते आणणाऱ्याला परत द्यावे. आत तांबे वा शिसे निघाले तर तिथल्या तिथे ते कापून टाकावे. कापलेले नाणे देवांच्या मातेच्या नावे जमा व्हावे. (हिचे मंदिर म्हणजेच नगराचे अभिलेखागार; खोटी नाणी आणि खरे कागद एकाच छपराखाली.) पारख्याने खरे ठरवलेले नाणे जो व्यापारी नाकारील, त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. गुलामाचा शब्द नागरिकावर बंधनकारक! बंदरावरही असाच एक पारखी नेमावा, असे पुढे म्हटले आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात चलनावरील विश्वासाचा सगळा धडा मिळतो. मला मात्र शिक्षेचे कलम विसरता येत नाही: पारखी कामावर बसला नाही किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला पन्नास फटके.

फ्रेंच इतिहासकार पोलँ इस्मार यांनी २०१५ साली या गुलामांवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की अथेन्सने हे मुद्दाम केले. ज्याच्याजवळ कामाची जाणकारी आहे, त्याच्या हाती आपोआप पकड येते. म्हणून जाणकारी अशा माणसाला द्यावी, ज्याला नागरिक म्हणून अस्तित्वच नाही. मेजाला क्राटोस मिळू नये याचा त्यांनी केलेला हा बंदोबस्त. तो अमानुष होता हे सांगणे नलगे. पण त्यांची भीती अनाठायी होती, असे मला म्हणता येत नाही.

याला कारण माझाच एक अनुभव आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका कार्यालयात (ते कोणते, हे इथे महत्त्वाचे नाही) कुटुंबनिवृत्तिवेतनाची एक फाईल माझ्यासमोर आली. मृत कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात पत्नीचे नाव एका तऱ्हेने लिहिलेले, बँकेच्या पुस्तकात दुसऱ्या तऱ्हेने. एका अक्षराचा फरक. खालच्या तिघांनी आपापल्या परीने शंका नोंदवल्या होत्या. निर्णय माझ्या अधिकारात होता. प्रतिज्ञापत्र सोबत जोडलेले होते. नियम स्पष्ट होता. दिवस शुक्रवारचा, मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी समासात ‘चर्चा करावी’ असे दोन शब्द लिहून फाईल बंद केली. परतल्यावर दौरा निघाला, मग संसदीय प्रश्नांची धावपळ. चर्चा सात आठवड्यांनी झाली आणि ती चार मिनिटांत संपली. त्या सात आठवड्यांत ती बाई दोनदा कार्यालयात येऊन बाहेरच्या बाकावर बसून गेल्या, हे मला नंतर शिपायाने सांगितले. निकोफोनच्या कायद्याने पन्नास फटके ठरवले होते. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘अत्युत्तम’ असा शेरा आहे.

असो. प्रत्ययाच्या पुढच्या प्रवासातील बराच भाग भराभर ओलांडता येईल. प्लेटोने मानाच्या हव्यासावर चालणाऱ्या राज्याला ‘टिमोक्रातिया’ म्हटले, पॉलिबियसने झुंडीच्या राज्याला ‘ऑख्लोक्रातिया’. ज्यू इतिहासकार जोसेफसने पहिल्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांची राज्यपद्धती ग्रीकभाषी वाचकांना समजावताना ‘थिओक्रातिया’ हा शब्द घडवला आणि तो घडवताना, आपण शब्दावर थोडी जबरदस्ती करीत आहोत, अशी कबुलीही दिली. मग शतकानुशतके हा प्रत्यय पश्चिम युरोपात जवळजवळ निजून होता. १२६० च्या सुमारास मूरबेकच्या विल्यमने ॲरिस्टॉटलचे ‘पॉलिटिक्स’ लॅटिनमध्ये उतरवताना ग्रीक शब्द तसेच ठेवून दिले, आणि १३७० च्या दशकात निकोल ओरेम याने राजा पाचव्या चार्ल्ससाठी त्याच ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर करताना ते लोकभाषेत आणले. (हाच ओरेम, ज्याने नाण्यांत खोट मिसळणाऱ्या राजांविरुद्ध ग्रंथ लिहिला. नाणी आणि क्रसी यांची गाठ पुन्हापुन्हा पडते.)

या प्रत्ययाला नवा बहर आला तो अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये, आणि तो आणणारे प्रामुख्याने अर्थशास्त्री होते. केने हा पेशाने वैद्य, राजाच्या प्रेयसीचा, मादाम द पाँपादूरचा. त्याने १७५८ साली आपला प्रसिद्ध आर्थिक तक्ता मांडला. त्याच्या शिष्याने, द्यू पाँ द नमूरने, गुरूचे लेख ‘फिजिओक्रसी’ या नावाने १७६७-६८ मध्ये छापले. फिजिओक्रसी म्हणजे निसर्गाचे राज्य. एम.ए.ला असताना आम्ही ही संज्ञा ‘शेती हीच खरी संपत्ती’ एवढ्या एका ओळीत उरकली होती. तिच्यात क्राटोस दडला आहे आणि तो माणसाच्या हातून काढून निसर्गनियमाकडे सोपवण्याची ती धडपड होती, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही.

त्याच वर्तुळाच्या कडेला व्हँसाँ द गुर्ने हा गृहस्थ होता. सेंट मालोच्या व्यापारी घराण्यातला, तरुणपणी स्पेनच्या कादिस बंदरात व्यापार केलेला, आणि १७५१ पासून फ्रान्सच्या सरकारात व्यापार खात्याचा अधीक्षक. ‘करू द्या, जाऊ द्या’ या अर्थाचे मुक्त व्यापाराचे घोषवाक्य त्याच्या नावावर सांगितले जाते. त्या काळी फ्रान्समध्ये कापडाचा पन्हा किती, ताण्यात धागे किती, हे सरकारी नियमांनी ठरलेले असे, आणि नियमात न बसणारे कापड निरीक्षक जप्त करीत. गुर्ने हे सारे आतून पाहत होता. तो १७५९ साली वारला. त्यानंतर ग्रिम याने १७६४ मधील आपल्या एका पत्रात लिहून ठेवले की, आपल्या देशाला मेजांचा वेडाचार जडला आहे, असे गुर्ने म्हणत असे, आणि राजेशाही वगैरे राज्यप्रकारांच्या यादीत तो ‘ब्युरोक्रसी’ या नावाने आणखी एकाची भर घालीत असे. म्हणजे ‘नोकरशाही’ ही शिवी देणारा माणूस स्वतः नोकरशहा होता. प्रजेतून नव्हे, मेजाच्या आतल्या बाजूने हा शब्द आला, याचा मला चोरटा अभिमान वाटत आला आहे.

‘ब्युरो’ या शब्दाची गंमत अशी की त्याच्या मुळाशी एक जाडेभरडे लोकरी कापड आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला ‘ब्युरेल’ म्हणत. ते हिशेबाच्या मेजावर अंथरीत. कापडाचे नाव मेजाला लागले, मेजाचे खोलीला आणि खोलीचे कचेरीला. आयुष्यभर कापडाचे धागे मोजणाऱ्या नियमांशी झगडलेल्या माणसाने त्या व्यवस्थेला कापडाचेच नाव द्यावे! त्याच्या मनात हे होते की नाही, कोण सांगणार? फ्रेंच आणि ग्रीक यांची ही मोट शुद्धतावाद्यांना रुचणारी नव्हती, पण कानाला ती खटकली नाही. ‘डेमो-क्रसी’त मधला जो ‘ओ’ लागतो, तो ‘ब्युरो’च्या उच्चारात आयताच होता. फ्रेंच अकादमीच्या कोशाने १७९८ च्या पुरवणीत हा शब्द दाखल करून घेतला.

इंग्रजीत त्याची जी वाढ झाली, तिचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील इंडिया हाऊस म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय. भारतातून येणाऱ्या खलित्यांना उत्तरांचे मसुदे तिथे तयार होत, आणि मसुदे करणाऱ्या विभागाचा प्रमुख असे ‘एक्झामिनर’. १८३६ साली जेम्स मिल वारल्यावर या पदावर टॉमस लव्ह पीकॉक आला. तो १८१९ पासून कंपनीच्या नोकरीत होता आणि फावल्या वेळात विनोदी कादंबऱ्या लिहीत असे. १८२९ मधील त्याच्या एका कादंबरीत ‘काकिस्टोक्रसी’, म्हणजे सर्वांत नालायकांचे राज्य, हा शब्द येतो. सतराव्या शतकातही तो एकदा वापरला गेला होता, पण लोकांच्या नजरेत आला तो पीकॉकमुळे. त्या कादंबरीत वेल्सच्या किनाऱ्यावरील समुद्रबांधाचा एक राजनियुक्त रक्षक आहे, सेथेनिन नावाचा, सदा मद्याच्या धुंदीत. बांध कुजला आहे, अशी तक्रार घेऊन कोणी येते तेव्हा तो सांगतो की काही भाग कुजले आहेत आणि काही शाबूत आहेत, यातच बांधाची शोभा आहे. शिवाय कुजका भाग लवचीक असतो, लाटेपुढे वाकतो, म्हणून तोच उत्तम. थोड्याच वेळात समुद्र आत येतो. बांधाच्या देखभालीविषयीची अशी उत्तरे मी अधिकृत पत्रव्यवहारात वाचली आहेत, फक्त ती शुद्धीवर असलेल्या लोकांनी लिहिलेली होती.

पीकॉक १८५६ साली निवृत्त झाला आणि त्या खुर्चीवर जॉन स्टुअर्ट मिल बसला. मिल सतराव्या वर्षी, १८२३ मध्ये, इंडिया हाऊसमध्ये कारकून म्हणून लागला होता. कंपनीचे राज्य संपेपर्यंत, १८५८ पर्यंत, तो तिथेच होता. भारतात तो एकदाही आला नाही. पस्तीस वर्षे कागदावरून एक उपखंड चालवण्यात सहभागी असलेल्या या माणसाने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात ‘ब्युरोक्रसी’वर इशारा दिला आहे. रशियाचा झार कोणालाही सैबेरियात धाडू शकतो, पण नोकरांच्या समूहाविना किंवा त्यांच्या मर्जीविरुद्ध त्याला राज्य करता येत नाही, असा त्याचा मुद्दा. उदाहरणासाठी त्याने रशिया आणि चीन निवडले. लेडनहॉल स्ट्रीट निवडली नाही.

मेजावर बसायला गुणवान माणसे निवडली म्हणजे मेजाचे बळ धोक्याचे राहणार नाही, अशी आशा त्याच दशकात धरली गेली. १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा वशिला संपवला, मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये परीक्षेची योजना आखली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली स्पर्धा परीक्षा झाली. म्हणजे इंग्लंडने ही गोळी स्वतः घेण्यापूर्वी भारतावर करून पाहिली. तिकडे बहुतेक खात्यांत खुली परीक्षा सक्तीची व्हायला १८७० उजाडले. या नव्या जातीच्या अधिकाऱ्यासाठी तेव्हा कोणाला ग्रीक प्रत्यय आठवला नाही. अँग्लो-इंडियन मंडळींनी त्याला ‘कॉम्पिटिशन-वाला’ म्हटले, आणि जॉर्ज ऑटो ट्रेव्हेल्यनने १८६४ साली त्याच नावाचे पुस्तक छापले. आपला ‘वाला’ हा क्राटोसचा भाऊ शोभतो. जुन्या अधिकाऱ्यांना या परीक्षेवाल्यांविषयी काय वाटत होते, ते त्या एका प्रत्ययात आले.

‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द यायला आणखी शतक जावे लागले. ॲलन फॉक्सने १९५६ साली तो एका लेखात वापरला, पण गाजवला तो मायकेल यंगने १९५८ मध्ये, ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ या पुस्तकात. ते पुस्तक उपरोधिक आहे. २०३४ सालचा एक निवेदक बुद्ध्यंकावर उभारलेल्या समाजाचे गोडवे गातो. अपयशी ठरलेल्यांना आता नशिबाला दोष देण्याचीही सोय उरलेली नाही, आणि शेवटी उठाव होतो. लोकांनी उपरोध बाजूला ठेवला आणि शब्द आदर्श म्हणून उचलला. हयातीच्या अखेरीस, २००१ साली, यंगला वर्तमानपत्रात लेख लिहून आपल्या शब्दाच्या या सदुपयोगाविरुद्ध तक्रार करावी लागली. आमच्या प्रशिक्षणसंस्थांच्या व्याख्यानांतून ‘मेरिटॉक्रसी’चा गौरव मी असंख्य वेळा ऐकला, दोनदा स्वतः केलाही. ते पुस्तक वाचले ते त्यानंतर.

आता बडोबाबूंच्या प्रश्नाकडे. भारतीय भाषांनी या ‘-क्रसी’चे काय केले? बंगाली, ओडिया, हिंदीने ‘तंत्र’ पसंत केले. ‘तंत्र’चा जुना अर्थ माग, मागावरचा ताणा. फ्रेंच मेजावर कापड आणि संस्कृत शब्दात माग! बंगाली ‘आमलातंत्र’ मात्र सोवळे नाही. ‘आमला’ हे अरबी ‘आमिल’चे अनेकवचन. तेलुगूने ‘प्रजास्वाम्यम्’ म्हणून प्रजेला स्वामी केले, मल्याळमने ‘जनाधिपत्यम्’ म्हणून अधिपती, तमिळने ‘जननायकम्’ म्हणून नायक. भारतीय इंग्रजीने ‘राज’ घेतले: राजाजींनी ज्याला ‘लायसन्स-परमिट-कोटा राज’ म्हटले, त्याला गुर्नेने काय म्हटले असते ते उघड आहे.

मराठी, गुजराती आणि काही प्रमाणात कन्नड यांनी ‘शाही’ घेतली. कन्नडात नोकरशाहीला ‘अधिकारशाही’ म्हणतात. हा दख्खनचा वारसा असावा. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही अशा पाच शाह्या ज्या भूमीने एकाच वेळी पाहिल्या, तिथे राज्यप्रकार म्हटला की तोंडात शाहीच येणार. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तरी हा प्रत्यय जागचा हलला नाही. माझ्या मते तो ‘तंत्रा’हून क्राटोसच्या अधिक जवळ आहे. ‘तंत्र’ व्यवस्था सांगते, ‘शाही’ सत्ता कोणाच्या हाती ते सांगते. म्हणून झुंडशाही, घराणेशाही, हुकूमशाही हे शब्द मराठीत उच्चारताच कळतात. आणि हिंदी ज्याला ‘पूंजीवाद’ म्हणते त्याला आपण ‘भांडवलशाही’ म्हणतो. इंग्रजीतला तो ‘इझम’, पण मराठीने भांडवलाला थेट तख्तावर बसवले. समाजवाद आणि साम्यवाद यांना मात्र नुसते ‘वाद’ ठेवले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने याची नोंद घ्यावी.

‘नोकरशाही’तला ‘नोकर’ फारसीतून आला, फारसीत मंगोल भाषेतून. मंगोलांमध्ये ‘नोकोर’ म्हणजे सरदाराचा जिवाभावाचा साथीदार. आपली टोळी सोडून स्वेच्छेने त्याच्या पदरी आलेला. चंगीझखानाच्या उदयात अशा साथीदारांचा मोठा वाटा होता. हिंदुस्थानात येईतो तो पगारी चाकर झाला. म्हणजे मंगोल साथीदार, फारसी तख्त, अर्थ फ्रेंच आणि त्यामागे ग्रीक दैवत. नोकर आणि शहा ही एकमेकांना छेद देणारी पदे शेजारी बसवून मराठीने गुर्नेचा उपहास मूळ फ्रेंचपेक्षाही तिखट केला. १९१६ साली लोकमान्य टिळकांवर बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्याच्या व्याख्यानांवरून जामिनाची कारवाई झाली, तेव्हा याच भेदाला न्यायालयात महत्त्व आले: टीका बादशहावर नसून त्याच्या नोकरांच्या कारभारावर आहे, असा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने भाषणे समग्र वाचून तो जामिनाचा आदेश रद्द केला.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने ग्रीसमधील एका समवयस्क अधिकाऱ्याची ओळख झाली. तुमच्या भाषेत आमच्या व्यवसायाला काय म्हणतात, हा माझा ठरलेला प्रश्न मी त्यांना विचारला. म्हणाले, ‘ग्राफिओक्रातिआ’. ‘ग्राफिओ’ म्हणजे कचेरी, मूळ धातू लिहिण्याचा. हा शब्द तर प्राचीन असणार, असे मी म्हणताच ते हसले. तो फ्रेंचवरून केलेला आहे, म्हणाले. अथेन्सला तेव्हा अशा शब्दाची गरज पडली नव्हती. मग त्यांनी विचारले, मराठीत काय म्हणतात? मी सांगितले आणि दोन्ही शब्दांचा अर्थ उलगडून दिला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि वहीत लिहून घेतला, ग्रीक लिपीत.